बुधवारचा फोन

थ्री गम्स रोडहाउस
सोमवार, ३१ मे २००४

प्रिय लोर्ना,

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. आम्ही दोघं ठीक. कीथच्या गुडघ्याचं रडगाणं चालूच आहे, पण जेवण काही कमी झालेलं नाही, तेव्हा काळजीचं कारण नाही. थंडी चांगलीच पडली. सकाळी पंपाच्या नळीवर दव गोठलेलं असतं. तुझ्या डंकन्स वेललाही तसंच असणार, दोनशे किलोमीटरवर असा काय फरक पडतो.

फोन सोडून पत्र का, असं तुझ्या मनात येईल. एक तर मी केला तर तू उचलशील याची खात्री नाही. ऑक्टोबरनंतर आपण तीनदा बोललो, त्यातलं एकदा फक्त आईच्या थडग्यावरच्या दगडाबद्दल. दुसरं कारण पुढे लिहीन. अर्नी टपाल घेऊन गुरुवारी येतो, तोवर हे संपवायचं असं मी ठरवलं आहे. आणि मी ठरवलेलं करते, अशी माझी ख्याती आहे. तूच ती सगळीकडे पसरवलीस.

मोसम सुरू झाला. दक्षिणेकडची पेन्शनर मंडळी कॅरव्हॅन ओढत यायला लागली. काल एक जण आला, ॲडलेडचा. पायात सपाता, एकच स्टेपनी, आणि पाणी म्हणशील तर मागच्या सीटवर दोन बाटल्या. मी विचारलं, "टायरमध्ये हवा किती ठेवलीत?"

"शहरात होती तेवढीच."

"ती कमी करा. नाहीतर या दगडांवर दोन तासांत टायर फाटेल."

"माझ्या पुस्तकात असं काही लिहिलेलं नाही."

"पुस्तक लिहिणारा येणार आहे का टायर बदलायला?"

त्याची बायको हसली. तो नाही हसला. मग मी त्याला खुर्चीत बसवलं आणि सगळं पुराण ऐकवलं. माणशी रोज दहा लिटर पाणी, आणि तेही एकाच डब्यात नको, कारण डबा घासून फुटतो. स्टेपन्या दोन. उन्हं कलली की गाडी बाजूला घ्यायची, कांगारू तेव्हाच रस्त्यावर उतरतात. ट्रकची धूळ दिसली की थांबायचं, आंधळ्यासारखं आत घुसायचं नाही. आणि गाडी अडकली तर गाडी सोडून कुठेही जायचं नाही. विमानातून गाडी दिसते, चालणारा माणूस दिसत नाही. गाडीजवळ बसून राहा, कोणीतरी येतंच.

शेवटचं वाक्य म्हटलं आणि मी उठले. कीथ काउंटरमागून बघत होता. मी उगाच कपबश्या आवरायला लागले.

त्या माणसाचं नाव वहीत लिहून घेतलं, पुढच्या रस्त्यावरच्या रोडहाउसला फोन केला. ते लोक संध्याकाळी सुखरूप पोचले, सही केली. मी तीनदा खात्री करून घेतली. तिकडची मुलगी वैतागली शेवटी. "मिसेस हॅलोरन, ते माझ्यासमोर बसून खिम्याच्या पाई खातायत, फोन देऊ का?" म्हणाली. दे म्हटलं. दिला तिने. त्याचा आवाज ऐकला तेव्हा मी फोन ठेवला.

पूर्वी मी अशी नव्हते, हे तुला माहीत आहे.

आता अर्नीचं. गेल्या गुरुवारी टपालाची पिशवी ठेवता ठेवता म्हणाला, "ग्लेन, तुझ्या बहिणीने बाटली सोडली बघ. सात महिने झाले. नुसता चहा पिते."

"बरं झालं," मी म्हटलं.

"बरं कसलं डोंबलाचं. ती म्हणते, दारूने माझं डोकं पोखरलं. त्या बुधवारी तुला फोन केला, पण त्या म्हाताऱ्यांचं विचारायचंच राहिलं, आणि माणूस मेला. कोरोनरपुढे तेच सांगणार आहे म्हणे. त्या प्रॉसरबाईला तर माफीचं पत्रपण धाडलंय. मीच नेलं ना टपालात."

अर्नी गेल्यावर मी पाई भाजायला ठेवल्या आणि विसरले. सगळ्या करपल्या. कीथने त्या बाहेर कुत्र्याला टाकल्या.

आज एवढंच जमतंय. उद्या पुढे लिहिते.

मंगळवार

काल जे लिहिलं ते वाचून पाहिलं. इकडचं तिकडचं लिहून मी वेळ काढते आहे, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. बाबाही असेच करायचे. गाय मेल्याची बातमी सांगायची तरी आधी पावसाबद्दल बोलायचे.

तर दुसरं कारण. फोनवर बोललेलं हवेत जातं. कागद राहतो. पंधरा तारखेला पोर्ट ऑगस्टाला त्या मृत्यूची कोरोनरपुढे चौकशी आहे, आणि मला वाटतं हा कागद तू तिथे दाखवावास. म्हणून काही गोष्टी, ज्या तुला सांगायची काही गरज नाही, त्याही मी नीट लिहिणार आहे. ज्यांना आपल्या रस्त्याची माहिती नाही त्यांनाही कळलं पाहिजे.

बाबांची वही तिथल्या लोकांना ठाऊक नसेल. आपल्या या रस्त्यावर दोन टोकांना दोनच रोडहाउस. डंकन्स वेल बाबांचं, ते तुला आणि तुझ्या नवऱ्याला, रेला, मिळालं. थ्री गम्स कीथच्या घरचं, तिथे मी आले. मधल्या दोनशे किलोमीटरमध्ये कुणीच नाही. म्हणून निघणाऱ्याने वहीत नाव, गाडी, कुठून जाणार, किती वाजता पोचणार ते लिहायचं. नाव फळ्यावर चढायचं. संध्याकाळी पाच वाजता इकडून तिकडे फोन. आला का? आला. मग फळा पुसायचा. आला नसेल तर तासाभरात गाडी काढायची, आणि पोलिसांना कळवायचं. आपल्या जन्माच्या आधीपासून हे चालत आलंय. कायदा नाही, सरकारी कागद नाही. फक्त आपला शब्द.

आणि पोचलेल्याने माझ्या वहीत स्वतःच्या हाताने सही करायची. बाबा म्हणायचे, "चाकं मोजायची नाहीत, तोंडं मोजायची." तुला आठवतं, मी बारा वर्षांची होते, धूळ बघूनच सांगून टाकलं की लोकरीचा ट्रक गेला? गेलाच होता तो. पण बाबांनी मला गाडीत घातलं, सत्तर किलोमीटर त्या ट्रकच्या मागे नेलं, आणि ड्रायव्हरशी हात मिळवायला लावला. "आता सांग गेला म्हणून." तू घरी खिडकीतून दात काढत होतीस. आठ वर्षांची.

तर वही कशी ठेवायची ते आपल्या दोघींमध्ये मला जास्त चांगलं माहीत होतं, असं मी आयुष्यभर सांगत आले. तुलाच सांगत आले. रे गेल्यावर तू प्यायला लागलीस, गोष्टी विसरायला लागलीस, डिझेलची ऑर्डर दोनदा दिलीस, तेव्हा तर रोजच सांगत होते. फोनवर तुझी जीभ जड झालेली असली की माझं डोकं फिरायचं. तू एकटी होतीस, पाच वाजता तुला कुणाशी तरी बोलायचं असायचं, आणि मला तेव्हा स्वयंपाक असायचा. मी तुझ्याशी वाईट वागले. हे मी चौकशीसाठी लिहीत नाही. हे तुझ्यासाठी.

बुधवार

आज सकाळी न्याहारीला कीथला सांगितलं. आधी त्याला सांगावं, मग तुला लिहावं असं वाटलं. पण तुझ्या आधी त्याला सांगायला नको होतं, हेही खरं. असो.

बावीस ऑक्टोबरचा बुधवार. लेस्ली आणि बेव्हरली प्रॉसर. बेंडिगोची जोडी, तो निवृत्त सुतारकामाचा मास्तर, ती दवाखान्यात काम केलेली. सकाळी आठला तुझ्याकडून निघाले. पांढरी लँडक्रूझर, पांढरी कॅरव्हॅन. वाटेत बारा किलोमीटर आत वळून खाऱ्या तळ्यावर पक्षी बघणार, दुपारी तीनपर्यंत माझ्याकडे. हे सगळं तू वहीत लिहिलंस. तळ्याचंसुद्धा. त्यांनीही सगळं बरोबर केलं. दोन स्टेपन्या, साठ लिटर पाणी तीन डब्यांत, टायरची हवा उतरवलेली, तुझ्या वहीत सही. तू त्यांना म्हणालीस, "पाचला मी बहिणीला फोन करते. पोचला नाहीत तर आम्ही येतो शोधायला." ते बाईने पोलिसांना सांगितलंय.

त्या दिवशी कीथ गावाला गेलेला. रस्ता सपाट करायला ग्रेडर चालवणारी अकरा माणसं रात्रीच्या जेवणाला येणार म्हणून सांगून गेलेली. एक्केचाळीस डिग्री ऊन. अडीच वाजता मी पंपापाशी पाण्याने धूळ बसवत होते. दक्षिणेकडून पांढरी लँडक्रूझर आली, मागे पांढरी कॅरव्हॅन. थांबली नाही. चालवणाऱ्याने स्टिअरिंगवरून एक बोट वर केलं, जसं इथे सगळे करतात. मीही नळी धरलेल्या हाताचं बोट वर केलं. काचेवर ऊन होतं, चेहरा दिसला नाही. मनात म्हटलं, हेच ते लोर्नाचे म्हातारे, मोठी टाकी असेल, पेट्रोल नको असेल.

इथल्या दहा गाड्यांतल्या सात पांढऱ्या लँडक्रूझर असतात. मला हे माहीत होतं, लोर्ना.

पाच वाजून दहा मिनिटांनी तुझा फोन आला. माझ्या हातात कांद्याची सुरी होती. तू आईच्या दगडाबद्दल सुरू केलंस, दगडावर नाव कसं कोरायचं, आपलं की तिच्या माहेरचं. तुझी जीभ जड होती. मग तू म्हणालीस, आणि हे मी शब्दाला शब्द लिहिते आहे:

"बरं ते जाऊ दे. माझे प्रॉसर आले का गं?"

मी म्हटलं, "गेले पुढे. हात केला मला."

"सही केली?"

"अगं हो. पुस तू फळा. माझी अकरा माणसं उपाशी आहेत."

"गोड होती बिचारी. तिने मला पक्ष्यांचं पुस्तक दाखवलं." मग तू फोन ठेवलास.

तू विचारलं होतंस. सही केली का हेसुद्धा तू विचारलं होतंस. प्यायलेली असतानाही तू बाबांचा नियम पाळलास. मी शुद्धीत होते, आणि तुझा फोन लवकर संपावा म्हणून हो म्हटलं.

रविवारी दुपारी तुझा पुन्हा फोन आला. त्यांची मुलगी घाबरली होती. दर रविवारी सकाळी आईचा फोन येतो, तो आला नाही. तू मला विचारलंस, "ग्लेन, ते तुझ्याकडून पुढे कुठे जाणार म्हणाले?" मी वही पुढे ओढली. मग तू म्हणालीस, "बुधवारी मी तुला विचारलं होतं ना? तू म्हणालीस ना, गेले म्हणून?"

आणि मी म्हटलं, "फोन केला होतास. पण यांचं नाव नाही काढलंस, लोर्ना. दगडाबद्दलच बोलत होतीस."

मी तुझा श्वास ऐकत होते. मग तू हळूच म्हणालीस, "मला वाटलं मी विचारलं." मग, "पण फळा तर पुसलेला आहे." मग, "म्हणजे मी तसाच पुसला असेन." एकेक पायरी तू स्वतःच उतरलीस. मला ढकलावंही लागलं नाही.

नंतर तू गाडी काढलीस आणि थेट तळ्यावर गेलीस, कारण तळ्याचं तुला माहीत होतं. पोलिसांच्या दोन तास आधी तुला ते सापडले. तू बघितलंस ते मी बघितलेलं नाही. बाईला तू सावलीत धरून बसलीस, थेंब थेंब पाणी पाजलंस, आणि शेजारी तिचा नवरा ताडपत्रीखाली. आणि त्या वेळी तू मनात धरून बसलीस की हे माझ्यामुळे झालं.

पोलीस सोमवारी माझ्याकडे आला. तरुण होता, नम्र. विचारलं, मी सांगितलं. टेलिफोनच्या नोंदीत चार मिनिटांचा फोन होता, माझ्या सांगण्याशी जुळत होता. त्याला बहीण पिते हे आधीच कुणीतरी सांगितलं होतं. ते मी सांगितलं नाही, पण त्याने विचारल्यावर मी मान खाली घातली. तेवढं पुरलं.

त्याने वही मागितली. मी दिली. तो यायच्या अर्धा तास आधी मी तिच्यातलं एक पान काढून घेतलं होतं.

कीथला आज हे सांगितलं तेव्हा तो टोस्टला लोणी लावत होता. लावतच राहिला. मग म्हणाला, "पान फाटलेलं मी तेव्हाच पाहिलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबलो होतो."

सात महिने थांबला तो. मग उठला आणि पंपाकडे गेला, दिवसभर आत आला नाही.

मी इथे थांबू शकले असते. हे एवढं वाचून तू म्हणशील, चूक झाली ग्लेनची, घाबरली, खोटं बोलली. पण अजून एक राहिलंय. उद्या सकाळी अर्नी यायच्या आधी लिहीन.

गुरुवार

सकाळचे सात. अर्नी अकराला येतो.

ती पांढरी गाडी, जिच्या चालवणाऱ्याने बुधवारी बोट वर केलं, ती शुक्रवारी परत आली. संध्याकाळी चारच्या सुमाराला. जमीन मोजणारे दोघे होते, कुठल्याशा खाणीसाठी काम करणारे. ते थांबले, पाई घेतल्या, कॉफी घेतली. त्यातला जाडा हसून म्हणाला, "बुधवारी घाईत होतो, थांबलो नाही. तुम्ही मात्र बोट केलंत परत. बरं वाटलं."

मी त्यांची गाडी बघितली. मग कॅरव्हॅन बघितली. मागच्या काचेवर त्यांच्या कंपनीचं निळं चिन्ह होतं. बुधवारी ते धुळीने झाकलेलं असणार.

दुसरा म्हणाला, "पूर्वेला तळ्याच्या बाजूला आज दुपारी काळा धूर दिसला. कुणी काय जाळतंय इथे?"

मी म्हटलं, "गुरं पाळणारे असतील. जुनं सामान जाळतात."

तो धूर लेस्ली प्रॉसरने केलेला होता. दुसरी स्टेपनी पेटवली होती त्याने. तीनपैकी दोन पाण्याचे डबे बुधवारीच वाटेत फुटले होते, चाकं खाऱ्या चिखलात आसापर्यंत रुतली होती, आणि उकरून उकरून त्याच्या छातीत दुखायला लागलं होतं. पण ते गाडी सोडून गेले नाहीत. आपण सांगतो तसं ताडपत्री बांधून सावलीत बसून राहिले. बाईने नकाशाच्या पाठीमागे रोज एक ओळ लिहिली होती. पोलिसाने मला वाचून दाखवली. बुधवारी: लोर्नाने फोन केला असेल, उद्या सकाळी येतील. गुरुवारी: रस्ता लांब आहे, आज येतील. शुक्रवारी: लेसने टायर पेटवला, धूर दुरून दिसेल. शनिवारी काही लिहिलेलं नाही.

डॉक्टरांच्या मते तो शनिवारी दुपारी गेला.

शुक्रवारी चार वाजता मला सगळं माहीत होतं. नाही, सगळं नाही. पण फोन उचलायला पुरेल एवढं माहीत होतं. ते मोजणीवाले गेले आणि मी फोनसमोर उभी राहिले. मी स्वतःला म्हटलं, प्रॉसर मागे वळून लोर्नाकडे परतले असतील. म्हटलं, तळ्यावरच मुक्काम केला असेल, पेन्शनर माणसं, त्यांना कसली घाई. पण खरं कारण ते नव्हतं. तुला फोन करायचा म्हणजे सांगायला लागलं असतं की मी तोंड न बघता 'गेले' म्हटलं. सही न बघता हो म्हटलं. मी, तुला. डिझेलची ऑर्डर दोनदा देणाऱ्या तुला. तू काही बोलली नसतीस, तू मुळीच तशी नाहीस. पण मला ते तोंडातून काढवेना.

माझ्याकडून तळ्यावर गाडीने दोन तास. अंधार पडायच्या आत मी पोचले असते. पाणी गाडीत भरलेलंच असतं कायम. मी पाई भाजल्या, भांडी घासली आणि झोपले. शनिवारी उठून अंडी तळली.

दुपारी तो मेला.

म्हणजे बुधवारची चूक झाली असती माफ. माणसाकडून होते. शुक्रवारचं मी जाणूनबुजून केलं, आणि रविवारचं त्याच्यावर झाकण म्हणून केलं. आणि ते झाकण मी तुझ्या डोक्यावर ठेवलं. सात महिने तू ते वाहते आहेस. अर्नी म्हणाला तू फळा काढून टाकलास, आणि येणाऱ्या गाडीवाल्यांना सांगतेस, माझ्यावर विसंबू नका, मला आठवत नाही. लोर्ना, तुझी आठवण जागेवर आहे. तुझ्या डोक्याला काहीही झालेलं नाही. तू विचारलं होतंस.

पानावर माझंच अक्षर आहे. सोबत ठेवते आहे. त्यावर लिहिलंय: प्रॉसर, पांढरी लँडक्रूझर, कॅरव्हॅन. लोर्नाने विचारलं ५.१०. गेले. आणि पुढे सहीचा रकाना आहे तो कोरा आहे. तुझा फोन आला तेव्हाही कोराच होता, मी तो बघत बघत हो म्हटलं. पोलिसांना मी सोमवारी फोन करून सगळं सांगणार आहे, आणि पंधरा तारखेला पोर्ट ऑगस्टाला येणार आहे. पण माझा शब्द आता काय कामाचा, म्हणून पान आधी तुझ्या हातात. मी आले नाही, किंवा आले आणि पुन्हा जीभ अडखळली, तर तू हे काढून त्यांच्यापुढे ठेव. माझी दया करू नकोस. करशील म्हणून लिहिते आहे, ओळखते मी तुला.

प्रॉसरबाईला तू पाठवलेलं माफीचं पत्र परत माग. तिला मी लिहीन. काय लिहायचं ते अजून कळत नाही. तीन वेळा सुरू केलं, तिन्ही वेळा पावसाबद्दल लिहिलं गेलं.

फळा पुन्हा लाव, लोर्ना. मोसम सुरू झाला आहे, आणि लोकांना सांगावं लागतं की गाडी सोडू नका, कोणीतरी येतंच. ते तुझ्यासारख्या माणसाने सांगायला हवं. इथला पाच वाजताचा फोन यापुढे कीथ उचलेल. तोंडं तोच मोजेल. मी त्याला ते सांगितलं, तो फक्त हो म्हणाला.

आईच्या दगडावर तिचं माहेरचं नाव कोर. तुझं म्हणणं बरोबर होतं.

अर्नीची धूळ दिसतेय. पण अजून त्याचं तोंड दिसलेलं नाही, म्हणून आला असं लिहीत नाही.

बुधवारी पाच वाजून दहा मिनिटांनी तू जिला नीट विचारलं होतंस, ती

तुझी बहीण
ग्लेनिस